उमरठचे घरकुल

तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीमुळे अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या उमरठात एका घरकुलाच्या जोत्याचे काम मी जवळून पाहिले. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरून गवंड्याने पातळी घेतली, तेव्हा वरच्या अंगाला गुडघ्याएवढे असणारे जोते खालच्या अंगाला छातीएवढे उचलावे लागणार, हे नळीनेच सांगितले. मग काळ्या दगडांच्या फटींत चिपा ठोकून, आत मुरूम टाकून, पाणी मारून धुम्मस करणे सुरू झाले. भिंतीची पहिली वीटही न लागता हातातला पैसा जमिनीतच जिरतो.

खेड्यांतील या घरांचा कारभार गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाकडे नसून केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाकडे आहे. इंदिरा आवास योजनेची जागा 2016 साली प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली, तेव्हा घराचे किमान क्षेत्रफळ 20 वरून 25 चौरस मीटर झाले, आणि सपाटीवर 1 लाख 20 हजार, तर डोंगरी व दुर्गम मुलखात 1 लाख 30 हजार रुपये अनुदान मुक्रर झाले. ठेकेदारास मज्जाव करून बांधकाम घरधन्याच्याच हाती सोपवले, हे त्या धोरणातले सर्वांत शहाणपणाचे कलम मी मानतो. परंतु डोंगरासाठी धरलेली दहा हजारांची वाढ असल्या जोत्याच्या एका अंगालाही पुरत नाही. शिवाय तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळणाऱ्या या मुलखात सरपणासाठी पडवी हवीच, ती पदरमोड करूनच उभी राहते.

जोते पुरे झाले की अभियंता घरधन्यास त्यापुढे उभे करून अक्षांश-रेखांशासह छायाचित्र घेतो, आणि ते दप्तरी रुजू झाल्यावर पुढचा हप्ता सुटतो. पैसा मधल्यामध्ये न मुरता थेट बँकेच्या खात्यात यावा, यासाठी ही पद्धत इष्टच आहे. मात्र घर कोठे आहे हे त्या छायाचित्रातून कळते. त्याच्या माथ्यावरचा डोंगर कसा आहे, हे कळत नाही. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळीये, आणि त्याच पावसात उमरठच्याच पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व सुतारवाडी दरडींखाली सापडली. म्हणून या दोन तालुक्यांत तरी पाया खणण्यापूर्वी भूवैज्ञानिकाने उतार पाहून दिलेला दाखला पहिल्या हप्त्याच्या कागदांत असावा, आणि उतार धोक्याचा ठरला तर दुसरी जागा देण्याचा भार सरकारने उचलावा.