बाळाची हिरवी उलटी : पाचवीची वाट पाहू नका

तान्ह्या बाळाने दूध टाकले तर घरात कोणी फारसे मनावर घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. पांढरे, दह्यासारखे दूध बहुतेक बाळे टाकतात. मात्र उलटी हिरवी असेल तर गोष्ट वेगळी. 'पित्त झाले असेल' म्हणून घुटी उगाळली जाते, पोटावर हिंग लावला जातो, दृष्ट काढली जाते. 'पाचवी होऊ द्या, मग दवाखान्यात नेऊ' असेही कोणी सांगते. यात जाणारे तास बाळाच्या जिवावर बेतू शकतात.

हा हिरवा रंग येतो कोठून? यकृतात तयार होणारे पित्त जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरते. तेथून पुढची वाट बंद असेल तर ते मागे फिरते व उलटीतून पडते. मोठ्या माणसाच्या आंबट ढेकरांना आपण 'पित्त' म्हणतो, त्याचा येथे संबंध नाही.

वाट बंद होण्याचे एक कारण आईच्या पोटातच घडलेले असते. साधारण सहाव्या आठवड्यात गर्भाचे आतडे इतक्या वेगाने वाढते की पोटात जागा पुरत नाही. ते नाळेत उतरते आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत पोटात येऊ लागते. या प्रवासात ते २७० अंश, म्हणजे पाऊण फेरा फिरते व पोटाच्या मागच्या भिंतीला रुंद पडद्याने पक्के बसते. काही बाळांत हा फेरा अर्धवट राहतो. मग आतडे अरुंद देठावर लोंबते आणि त्याभोवती पिळले जाऊ शकते. रक्तवाहिन्या त्याच देठातून जातात. ओला कपडा पिळावा तसा पीळ बसला की रक्त पोहोचत नाही आणि काही तासांत आतडे काळे पडू लागते.

सुरुवातीला पोट मऊ असते, बाळही ठीक दिसते. फसगत होते ती येथेच. प्रत्येक हिरव्या उलटीमागे पीळच असतो असे नाही. पण तो नाही, हे तपासणीनेच कळते. बोस्टनचे शल्यचिकित्सक विल्यम लॅड यांनी १९३६ साली वर्णन केलेली शस्त्रक्रिया आजही केली जाते. तीत पीळ सोडवून देठ रुंद करतात. वेळेत झाली तर बहुतेक बाळे पुढे चांगली वाढतात. उशीर झाला तर मेलेले आतडे कापून काढावे लागते.

यात आईचा दोष नाही. तिने काय खाल्ले, ग्रहण पाळले की नाही, याच्याशी या व्यंगाचा काही संबंध नाही.

हुलजंती, भोसे, मरवडे अशा गावांतील वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. हिरवी उलटी दिसताच, रात्र असली तरी, १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना दाखवेपर्यंत दूध, घुटी, मध, पाणी काहीही देऊ नये. बाळाला उबदार गुंडाळावे व उलटीने भिजलेले दुपटे सोबत न्यावे, कारण रंग पाहून डॉक्टरांना पुष्कळ कळते. मंगळवेढ्याहून सोलापूर सुमारे ५५ किलोमीटर आहे. म्हणून बालशल्यचिकित्सक कोठे उपलब्ध आहेत, हे डॉक्टरांना आधीच फोनवर विचारून घेण्यास सांगावे.

बाळ जन्मताच शीची जागा आहे ना, हे पाहून घ्यावे. पहिल्या २४ तासांत काळी शी झाली नाही, तरीही डॉक्टरांना सांगावे. पाचवी रुग्णालयातही पुजता येते. सव्वा महिन्याचा नियम आजारी बाळासाठी नसतो.