लिनोवर कोरलेला निषेध

मुद्राचित्र म्हणजे चित्राची नक्कल, हा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः ठशावरून चित्रकाराने उमटविलेली प्रत्येक प्रत मूळच असते. अन्यायाविरुद्ध बोलू पाहणाऱ्या चित्रकारांना हे माध्यम जवळचे वाटले, ते याचमुळे.

चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५–१९७८) यांचे नाव मराठी रसिकांस फारसे परिचित नाही, याची खंत वाटते. कारण हा बंगाली चित्रकार सुमारे तीस वर्षे मुंबईचा रहिवासी होता. १९४३ च्या दुष्काळात त्यांनी मेदिनीपूर जिल्हा पायी पालथा घातला. तेथील रेखाटनांचे व टिपणांचे ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळले. पाच हजारांपैकी कुटुंबीयांनी जपलेली एक प्रत तेवढी वाचली, आणि तिच्यावरून २०११ मध्ये ते पुन्हा छापले गेले. एकुलते एक तैलचित्र जळते, तर मागे काय उरले असते?

पुढे चित्तप्रसादांनी लिनोकटवर भर दिला. लिनोलियम हे जमिनीवर अंथरण्याचे स्वस्त आच्छादन. कोरलेला भाग पांढरा राहतो, न कोरलेला शाई धरतो. चित्र मात्र उलटे कोरावे लागते. छापयंत्र नसले तरी कागदावर चमचा घासून ठसा उमटतो. गरिबांविषयी बोलणारी कला गरिबाला परवडेल अशा साधनांनी घडावी, यातील औचित्य मला मोलाचे वाटते. राबणाऱ्या बालकांवरील त्यांची लिनोचित्रमाला १९५२ च्या सुमाराची. ती पुस्तकरूपाने निघाली १९६९ मध्ये, आणि तीही डेन्मार्कमध्ये.