दसरा चौकातली मेबॅक

मर्सिडीज भारी की बीएमडब्ल्यू, हा वाद रंकाळ्याच्या कट्ट्यावर भेळ संपेपर्यंत चालतो. मध्येच कुणीतरी ऑडीची बाजू घेतो. पण कोल्हापूरला ज्या जर्मन गाडीचा खरा अभिमान आहे, ती या तिघींपैकी एकही नाही. ती आहे छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली, 1930च्या दशकातली मेबॅक. दसऱ्याला सूर्य कलू लागला की अंबाबाई, भवानी आणि गुरुमहाराजांच्या पालख्या दसरा चौकात येतात आणि छत्रपती घराणं या उघड्या टपाच्या गाडीतून सीमोल्लंघनाला येतं. शमीपूजन होतं, सोनं लुटलं जातं. गर्दीतल्या कित्येक लहान मुलांना मोटारीच्या कंपनीचं नाव पहिल्यांदा कळतं ते इथेच.

मेबॅक आणि मर्सिडीज यांचं वैर सख्ख्यांमधलं होतं. विल्हेल्म मेबॅक हा गॉटलीब डाइमलरचा उजवा हात. एमिल येलिनेक या धनाढ्य ग्राहकाच्या हट्टापायी त्याने 35 अश्वशक्तीची जी गाडी आखली, ती पहिली मर्सिडीज. मार्च 1901मध्ये तिने नीसच्या शर्यती गाजवल्या आणि घोड्याविना बग्गी असं मोटारीचं जे रूप होतं, ते मागे पडलं. पुढे डाइमलर कंपनीत त्याची कदर उरली नाही आणि 1907मध्ये तो बाहेर पडला. दोन वर्षांनी मुलगा कार्ल याच्यासह त्याने काउंट झेपेलिनच्या हवाई जहाजांसाठी इंजिनांचा कारखाना उभा केला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर विमानांच्या इंजिनांची बंदी आली, तेव्हा हे घराणं मोटारींकडे वळलं. 1921मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मेबॅकची पहिली विक्रीची गाडी उभी राहिली.

1930च्या दशकातल्या मर्सिडीजचा थाट सुपरचार्जरच्या गर्जनेत होता. पेडल पूर्ण दाबलं की इंजिनाचा सूरच बदलायचा. होर्श या जर्मन कंपनीने आठ सिलिंडरची ऐट तुलनेने कमी किमतीत दिली. 1932मध्ये ती ऑडीसह ऑटो युनियनमध्ये गेली. बीएमडब्ल्यू तेव्हा या पंगतीत नव्हतीच. ती 1928मध्ये नुकती मोटारींच्या धंद्यात आली होती. मेबॅकची वाट मात्र वेगळी होती. चालकाला गिअर बदलायची पाळी कमीत कमी यावी, हा कार्लचा ध्यास. पहिल्या गाडीत त्याने गिअरचा दांडाच ठेवला नाही. पुढच्या गाड्यांत स्टिअरिंगवरच छोट्या दांड्या बसवल्या. त्या हलवल्या की इंजिनाच्या निर्वात ओढीने गिअर पडायचा. आठ लिटर आणि बारा सिलिंडरची ‘झेपेलिन’ ही तिची सर्वांत मोठी गाडी. कंपनी सांगाडा आणि इंजिन द्यायची, बॉडी बहुतेक वेळा राव्हेन्सबुर्गचा श्पोन बांधायचा, गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे. त्यामुळे दोन मेबॅक हुबेहूब सारख्या सापडणं कठीण. दोन दशकांत साऱ्या मिळून सुमारे 1,800च गाड्या बनल्या.

माझं मत स्पष्ट आहे: त्या काळच्या जर्मन गाड्यांत मेबॅकच श्रेष्ठ. शर्यतीत मर्सिडीज तिला मागे टाकेल, यात शंका नाही. पण राजाच्या गाडीला शर्यत नको असते. माणसांच्या समुद्रातून, पायी चालणाऱ्याच्या चालीने, न गचकता पुढे सरकणं हेच तिचं काम. कमी फेऱ्यांवर जोर लावणारं मोठं इंजिन त्यासाठीच हवं. या कसोटीवर ती आजही दरवर्षी उतरते, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. जगात कित्येक जुन्या मेबॅक संग्रहालयांत दोरीपलीकडे उभ्या आहेत. आपली मात्र कामावर जाते. ज्या गावात उद्यमनगरच्या भट्ट्यांनी आणि शेतपंपांच्या ऑइल इंजिनांनी पिढ्यान्‌पिढ्या मिस्त्री घडवले, तिथे चालत्या यंत्राला असा मान मिळावा, हे शोभून दिसतं.

मेबॅकच्या मोटारी दुसऱ्या महायुद्धात थांबल्या आणि कारखान्यात रणगाड्यांची इंजिनं बनू लागली. 1960मध्ये डाइमलर-बेंझने कंपनीच विकत घेतली. 2002मध्ये नाव पुन्हा बाजारात आलं, दहाएक वर्षांनी बंद पडलं आणि 2014मध्ये ‘मर्सिडीज-मेबॅक’ म्हणून परतलं. विल्हेल्मने ज्या घरातून पाय काढला, त्याच घराच्या ताऱ्याखाली आता त्याचं नाव लागतं. 2022पासून तिचं एक मॉडेल पुण्याजवळ चाकणला जोडलं जातं. कोल्हापूरहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला तिथे पोहोचता येतं.