राखून ठेवलेला दम

भोसरीच्या एमआयडीसीत, दिवसभर लेथ चालणाऱ्या गल्लीत, पत्र्याच्या शेडमध्ये पोलो उभी होती. उभी कसली, बांधलेली होती. पुढची चाकं जमिनीत बसवलेल्या रोलरवर, चारी बाजूंनी ट्रकवाले वापरतात तसले पट्टे ताणलेले, बॉनेट उघडं आणि समोर लग्नाच्या मांडवात असतो तेवढा पंखा. या यंत्राला डायनो म्हणतात. गाडी जागची न हलता पळते आणि चाकांशी किती दम पोचतो ते पडद्यावर रेघ होऊन दिसतं.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडी मित्राची, २०१४ ची जीटी टीएसआय, चाकणच्या कारखान्यातली. १,१९७ सीसीचं इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क. एवढ्याशा इंजिनाला हा जोर टर्बोमुळे येतो, आणि टर्बो असलेल्या गाडीच्या मालकाला आज ना उद्या एक खाज सुटतेच. मित्राला सुटली होती.

"स्टेज वन मारायचंय, दादा."

ट्यूनर तिशीतला, हात स्वच्छ. पान्याऐवजी लॅपटॉप. "मारू की. आधी तिचं काय म्हणणं आहे ते ऐकू," म्हणत त्यानं डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये वायर खोचली.

टर्बोचं तत्त्व जुनं आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे निघालेल्या तापलेल्या धुराच्या वाटेत एक पंखा ठेवायचा; त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून स्फोट मोठा. मुठीत मावतील असे हे पंखे मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतात. जादा दाबाला बूस्ट म्हणतात आणि तो किती वाढू द्यायचा ते वेस्टगेट नावाची झडप ठरवते. झडपेला हुकूम देतो ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर. रीमॅप म्हणजे त्या कॉम्प्युटरच्या तक्त्यांमधले आकडे बदलणं: बूस्ट किती, ठिणगी किती अंश आधी, पेट्रोल किती. स्टेज वनमध्ये एकही नट हलत नाही. स्टेज टूला धुराची वाट रुंद करतात, दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर मोठा बसवतात. त्यापुढे टर्बोच बदलतात, आणि तिथून खिशाला तळ राहत नाही.

आता गंमत अशी, की नुसते आकडे बदलून पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त ताकद वाढत असेल, तर ती आली कुठून? ट्यूनर ती घालत नाही. ती इंजिनात होतीच. कंपनीनं राखून ठेवलेली. याच १.२ टीएसआय जातीचं इंजिन युरोपात काही गाड्यांत ८६ पीएसचं म्हणून विकलं गेलं, काहींत १०५ चं. यातला थोडा भाग दुकानदारीचा. पण बराच भाग सावधपणाचा. कंपनीला माहीत असतं, की एकच गाडी मे महिन्यात नागपूरला चालणार, जानेवारीत मनालीला. मालक ऑइल उशिरा बदलणार. आणि पेट्रोल? ही गाडी विकली गेली तेव्हा पंपावरचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, म्हणजे दाबाखाली लवकर पेटणारं. या सगळ्यांसाठी ठेवलेली शिल्लक म्हणजे तो दम. ट्यूनर ती काढून तुमच्या हातात देतो. कंपनी ज्याची तरतूद करत होती, त्याची काळजी त्यापुढे तुम्ही करायची.

अमेरिकेत ही काळजी १९६२ साली मालकांच्या गळ्यात घालून पाहिली होती. ओल्डस्मोबिल जेटफायर ही टर्बो घेऊन बाजारात आलेल्या पहिल्या मोटारींपैकी एक. इंजिनाचं कॉम्प्रेशन आधीच १०.२५, त्यावर टर्बो. हवा दाबली की तापते. ३० अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली, की तिचं तापमान सव्वाशेच्या आसपास जातं. अशा तापलेल्या मिश्रणाला ठिणगीची ज्योत पोचेपर्यंत धीर धरवत नाही. कोपऱ्यातला भाग आपला आपण पेटतो. त्याला नॉक म्हणतात. चढावर वरच्या गिअरला दाबलं, की डब्यात खडे हलवल्यासारखा वाजतो तो आवाज हाच. फार वाजला तर पिस्टन फुटतो. जेटफायरमध्ये त्यावर उपाय म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारत. नाव दिलं होतं 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. ते संपलं की बाटली मालकानं भरायची. मालक विसरायचे. पुढे कित्येक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्बोरेटर बसवावा लागला.

शहाणपणाचा तोडगा स्वीडनमध्ये निघाला. साबच्या पेर गिलब्रँडनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंजिनालाच कान बसवला. ब्लॉकवरच्या सेन्सरला नॉक ऐकू आला, की बूस्ट आपोआप कमी. आज प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीत तो कान असतो. नॉक ऐकला की ईसीयू ठिणगी मागे खेचतो. ट्यूनरला गाडीचं 'म्हणणं' कळतं ते याच्यामुळे.

पंखा सुरू झाला, आम्ही कानांवर हात ठेवले, आणि चौथ्या गिअरमध्ये काटा दोन हजारांपासून लाल रेघेपर्यंत गेला. मग लॅपटॉपवर आकड्यांच्या रांगा. मित्र बघत होता डायनोच्या रेघेकडे. ट्यूनर तिकडे ढुंकूनही बघेना. त्याचं बोट दोन रांगांवर होतं: मागितलेला बूस्ट आणि मिळालेला. वरच्या फेऱ्यांना दुसरा आकडा पहिल्याला गाठत नव्हता. मग तिसऱ्या सिलिंडरच्या रांगेत बोट थांबलं: उणे ४.५.

"ठिणगी साडेचार अंश मागे घेतेय. कंपनीच्याच ट्यूनवर. पेट्रोल कुठून भरता?"

मित्रानं हायवेवरच्या एका पंपाचं नाव घेतलं.

"बरं," एवढंच तो म्हणाला.

मला हा माणूस तिथेच आवडला. तयार फाइल टाकून पाच मिनिटांत पैसे घेणारे पुष्कळ आहेत. काही जण तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके वाजतील अशीही सोय करून देतात. त्यासाठी ठिणगी उशिरा पाडून पेट्रोल मुद्दाम धुराच्या वाटेत जाळतात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतात. माझ्या मते हा शुद्ध चावटपणा आहे.

त्यानं गिअरबॉक्सचंही सांगितलं. या गाडीतला सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा, २५० न्यूटन-मीटरपर्यंतच बनवलेला. "त्यामुळे टॉर्क मी त्याच्या बराच खाली थांबवतो. कुणी जास्त देतो म्हणाला तर त्याच्याकडे क्लचचीही किंमत विचारून ठेवा." गिअरबॉक्ससारखंच इंधनाचंही. आज पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय. त्यामुळे ऑक्टेन वाढतो खरा, पण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून तेवढ्याच कामाला इंधन जास्त फवारावं लागतं. म्हणजे इंजेक्टर आणि पंपाची शिल्लकही तपासायला आली.

डिझेलवाल्यांचं दुखणं निराळं होतं. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन, जे रांजणगावलाही बनायचं आणि मारुतीच्या स्विफ्टपासून टाटांच्या व्हिस्टापर्यंत सगळ्यांत बसायचं, ते दोन हजार फेऱ्यांच्या खाली मेल्यासारखं. खंबाटकीच्या वळणावर दुसरा गिअर टाकायला उशीर झाला, की मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवायचा. लोक रीमॅप करायचे ते तेवढी कळ काढायला लागू नये म्हणून.

कायद्याचं मात्र स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. ईसीयूतले आकडे आरटीओला डोळ्यांनी दिसत नाहीत, एवढ्याच आडोशाला हा सगळा धंदा उभा आहे. वॉरंटी तर पहिल्याच दिवशी जाते.

त्या दिवशी ट्यूनरनं इंटरकूलरच्या पाइपाचा एक क्लॅम्प आवळला, गळती होती ती तिथे. प्लग काढून पाहिले, परत लावले. "ही टाकी संपवा. दोन टाक्या ९५ च्या वरचं पेट्रोल भरा, प्लग नवे घाला, मग या. आज टाकणार नाही." पैसे घेतले ते फक्त डायनोचे.

परतताना नाशिक फाट्याच्या पुलावर मित्रानं ॲक्सिलरेटर दाबला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "फरक आहे ना रे पिकअपमध्ये?"

क्लॅम्पचा असेलही थोडा. फाइल अजून भोसरीतच होती.