सुरुंगाआधीचं पाडकाम

सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी विमानतळाच्या आड येत होती. १५ जून २०२३ रोजी ती पाडली, आणि काही सेकंदांत ती आडवी होताना अनेकांनी मोबाइलवर पाहिली. असलं दृश्य पाहून वाटतं, जोखीम काय ती तेवढ्या सेकंदांची. पण तेव्हा माणसं लांब उभी असतात. ती बांधकामाच्या पोटात शिरतात त्याआधी, तयारीच्या दिवसांत.

उंच बांधकाम पडतं ते स्वतःच्याच वजनानं. सुरुंगाचं काम आधार काढून घेण्यापुरतं. इंग्लंडमधल्या बोल्टनचा चिमण्या पाडणारा कारागीर फ्रेड डिब्ना तर सुरुंगाच्या वाटेलाच जात नसे. लँकेशायरच्या कापडगिरण्या बंद पडत गेल्या, तशा त्यानं नव्वदेक चिमण्या पाडल्या. जिकडे पाडायची त्या बाजूच्या बुडाच्या विटा तो थोड्या थोड्या काढी आणि प्रत्येक खाचेत लगेच लाकडी टेकू ठोकी. मग भोवती लाकडं नि जुने टायर रचून आग लावायची. टेकू जळाले की चिमणी ठरल्या दिशेला कलायची. लोक जमत ते आग बघायला. खरं कसब त्या टेकूंत होतं. काढलेल्या प्रत्येक आधाराची जागा तो तिथल्या तिथे भरून काढत असे.

पोलादी बॉयलरघरात हे इतकं सोपं राहत नाही. मोठ्या वीजकेंद्रातला बॉयलर जमिनीवर बसवत नाहीत. तापल्यावर त्याला खाली वाढायला जागा हवी, म्हणून तो माथ्यावरच्या तुळयांना टांगतात. एवढं प्रचंड वजन वर लटकत असताना खालचे खांब गॅसकटरनं अर्धवट कापून ठेवायचे, म्हणजे थोडक्या स्फोटकांत काम भागतं. कापलेल्या खांबाचा भार शेजारच्यावर सरकतो. वीट निदान तडकताना दिसते. दाबाखालचा पोलादी खांब एकदा वाकू लागला की पळायलाही उसंत मिळत नाही. कापल्यावर हा सांगाडा किती दिवस आणि किती वाऱ्यात तग धरेल, हे गणित कागदावर सुटल्याशिवाय कटर पेटवूच नये, असं माझं मत आहे.

ऑक्सफर्डशायरमधलं डिडकॉट 'ए' हे वीजकेंद्र २०१३ साली बंद झालं. २३ फेब्रुवारी २०१६ रोजी, स्फोटाची तयारी चालू असतानाच, त्याच्या बॉयलरघराचा मोठा भाग कोसळला. चार कामगार गेले. उरलेला भाग इतका बेभरवशाचा होता की त्याच्या जवळ जायला मनाई होती. तिघांचे मृतदेह कित्येक महिने ढिगाऱ्यातच राहिले. अखेर दुरून चालवलेल्या यंत्रांनी सुरुंग लावले, १७ जुलैला उरलेला सांगाडा पाडला, आणि त्यानंतरच शोध पुढे सरकला. शेवटचा मृतदेह सप्टेंबरात मिळाला.

स्फोटाचे ते सेकंदही अगदीच निर्धोक नसतात. याच केंद्राचे उरलेले तीन शीतकरण मनोरे १८ ऑगस्ट २०१९ रोजी स्फोटानं पाडले. मनोरे पडले, पण तुकडे उडू नयेत म्हणून गुंडाळलेलं आवरणच वीजतारांवर जाऊन आदळलं, आणि परिसरातल्या ४०,००० हून अधिक घरांची वीज गेली.