ब्रेनस्टेममधला झुबका: काढायचा की सांभाळायचा?

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘पॉन्समध्ये कॅव्हर्नोमा’ असं वाचलं की घरातल्यांचा पहिला प्रश्न असतो, “मग ऑपरेशन कधी?” या आजारात बऱ्याचदा खरं उत्तर ‘सध्या नको’ असंच असतं, आणि ते पचवणं ऑपरेशनला तयार होण्यापेक्षा जड जातं.

ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा, जेमतेम सात-आठ सेंटिमीटर लांबीचा भाग; पॉन्स हा त्याचाच मधला तुकडा. श्वास, शुद्ध, गिळणं, डोळ्यांची हालचाल यांचा कारभार इथून चालतो. हातापायांकडे जाणारे संदेशही याच अरुंद वाटेने जातात. मेंदूत इतरत्र कळलाही नसता एवढा रक्तस्राव इथे माणसाला आडवा करू शकतो.

कॅव्हर्नोमा हा पातळ भिंतींच्या, फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचा झुबका. दिसायला तुतीच्या फळासारखा. कॅन्सर नव्हे. त्यात रक्त इतकं मंद वाहतं की अँजिओग्राफीत तो सहसा दिसतच नाही. साधारण दोनशे माणसांत एकाच्या मेंदूत तो असतो, आणि अनेकांना त्याचा पत्ता जन्मभर लागत नाही. एव्हीएम ही रक्तवाहिन्यांची याहून वेगळी विकृती. तिच्यात धमनीतलं रक्त थेट शिरेत घुसतं, त्यामुळे दाब मोठा आणि उपचारही निराळे.

ब्रेनस्टेममधला कॅव्हर्नोमा पाझरला की अचानक एकाच्या दोन वस्तू दिसतात, तोंड वाकडं होतं, अर्धं अंग बधिर पडतं, तोल जातो. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय, असं आपण म्हणतो. दोन दिवस न थांबणारी उचकी मात्र डॉक्टरांना दाखवावी. क्वचित तिचं मूळ इथे सापडतं.

निर्णय फिरतो तो आधी रक्तस्राव झाला आहे का, यावर. २०१६ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त १,६२० रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. ब्रेनस्टेममध्ये कॅव्हर्नोमा आहे पण त्याने त्रास दिलेला नाही, अशांना पाच वर्षांत रक्तस्रावाचा धोका सुमारे ८ टक्के होता. आधीच रक्तस्राव झालेल्यांना किंवा त्याची लक्षणं दिसलेल्यांना जवळपास ३१ टक्के. योगायोगाने सापडलेल्या, गप्प बसलेल्या झुबक्याला म्हणूनच हात लावत नाहीत.

दुसऱ्यांदा रक्तस्राव झाला, किंवा पहिल्यानेच मोठं अपंगत्व आलं, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यातही झुबका ब्रेनस्टेमच्या पृष्ठभागापर्यंत आलेला असला तर सर्जनला वाट मिळते. खोल असेल तर चांगल्या ऊतीतून जावं लागतं. शेजारी अनेकदा एक वेडीवाकडी शीर असते. ती तशीच ठेवतात, कारण निरोगी मेंदूचं रक्त तिच्यातून वाहून जातं. ऑपरेशननंतर काहींचा त्रास आधी वाढतो आणि मग महिनोन्‌महिने फिजिओथेरपी चालते, हे घरच्यांना आधीच स्पष्ट सांगायला हवं.

गॅमा नाइफबद्दल, म्हणजे चिरफाड न करता किरणांचा नेमका मारा करण्याबद्दल, तज्ज्ञांत एकमत नाही. प्रोप्रानोलोल या रक्तदाबाच्या जुन्या औषधाची इटलीत कॅव्हर्नोमाच्या आनुवंशिक प्रकारच्या ८३ रुग्णांवर चाचणी झाली. औषध सुरक्षित ठरलं, उपयोग मात्र अजून सिद्ध व्हायचा आहे.

तेव्हा रिपोर्ट हातात पडला तर जुन्या एमआरआयच्या फिल्म आणि सीडी जपून ठेवा. हृदयासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि ऑपरेशन सुचवलंच, तर सर्जनला निःसंकोच विचारा: ब्रेनस्टेमची अशी ऑपरेशनं तुम्ही किती केलीत?