कुटार, चुनी आणि चिमूटभर यीस्ट
वऱ्हाडातील बकरीचा चारा शेतातच पडून आहे. तो पचवणाऱ्या सूक्ष्मजीवांना मात्र साथ हवी

दसऱ्याच्या सुमारास वऱ्हाडात मळणीयंत्रे सुरू होतात. आधी सोयाबीन, संक्रांतीच्या आगेमागे तूर, पुढे हरभरा. दाणा पोत्यात जातो आणि शेतात कुटाराचा ढीग उरतो. अमरावती-अकोल्यात कितीतरी ठिकाणी हे कुटार पावसात सडते, नाहीतर पेटवून दिले जाते. उन्हाळ्यात त्याच गावांतल्या बकऱ्या पाल्यासाठी रानोमाळ हिंडतात. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारट, त्यामुळे उन्हाळी हिरवा चारा पिकवणेही कठीण. अशा मुलखात कुटार जाळणे म्हणजे चारा जाळणे होय.

कोठीपोटातले कामकरी

काडीकचऱ्यातला सेल्युलोज पचवणारे विकर बकरीचे शरीर तयार करत नाही. ते काम तिच्या कोठीपोटातले, म्हणजे रुमेनमधले, जिवाणू आणि बुरशी करतात. तिथे तापमान सुमारे ३९ अंश असते आणि प्राणवायू जवळजवळ नसतो. प्राणवायूशिवाय जगणारी बुरशी तिथे खरोखरच राहते, हे कॉलिन ऑर्पिन या ब्रिटिश संशोधकाने १९७५ मध्ये दाखवून दिले. ही बुरशी टणक काडीत शिरून ती फोडते आणि जिवाणूंना वाट करून देते. तंतूंपासून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. बकरीला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा त्यांतूनच मिळतो.

या सूक्ष्मजीवांनाही नत्र लागते. सोयाबीनचे कुटार किंवा ज्वारीचा कडबा यांत प्रथिने साधारण ३ ते ६ टक्केच असतात. एकूण आहारात ती ७ टक्क्यांच्या खाली गेली, की सूक्ष्मजीव उपाशी पडतात आणि चारा पोटात रेंगाळतो. मग गव्हाण भरलेली असूनही बकरी कमी खाते आणि खंगत जाते.

ही उणीव भरून काढणारी वस्तूही इथेच मिळते. अकोला डाळ मिलांसाठी प्रसिद्ध आहे. मिलमधून निघणारी तुरीची चुनी आणि तेलगिरण्यांतली सरकीची ढेप, दोन्हींत प्रथिने भरपूर असतात. ढेप मात्र लहान पिल्लांना देऊ नये. सरकीतले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य मोठ्या बकरीच्या कोठीपोटात बऱ्याच अंशी निष्प्रभ होते. पिल्लांचे कोठीपोट तेवढे तयार झालेले नसते.

यीस्ट नेमके काय करते?

कुटार आणि चुनीची जोड जमली, की यीस्टची पाळी येते. सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी हे त्याचे शास्त्रीय नाव. पाव फुगवणारे यीस्ट याच प्रजातीचे. पशुखाद्यासाठी मात्र त्यातले निवडक वाण वापरतात. पहिल्या महायुद्धात आयात बंद पडल्यावर जर्मनीने प्रथिनांसाठी जनावरांना यीस्ट खाऊ घातले होते. आज जिवंत यीस्ट देण्यामागचा विचार वेगळा आहे. रोजच्या काही ग्रॅमांतून बकरीचे पोट भरणार नाही, पण कोठीपोटातले वातावरण सुधारू शकते.

चाऱ्याबरोबर थोडा प्राणवायू आत जातो. तंतू फोडणाऱ्या जिवाणूंना तो घातक असतो आणि यीस्ट तो शोषून घेते. यीस्टमधली जीवनसत्त्वे या जिवाणूंच्या आणि बुरशीच्या वाढीला मदत करतात. लॅक्टिक आम्ल वापरणाऱ्या जिवाणूंनाही बळ मिळते, त्यामुळे भरड्यावर वाढवल्या जाणाऱ्या बोकडांच्या पोटातली आम्लता आटोक्यात राहायला मदत होते. यीस्ट कोठीपोटात कायम वस्ती करत नाही, म्हणून ते रोज द्यावे लागते. वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पत्र्याखाली तापलेल्या पिशवीतले यीस्ट मरून जाईल, म्हणून ती थंड, कोरड्या जागी ठेवावी.

यीस्टला मर्यादाही आहेत. काडीतले लिग्निन त्याने विरघळत नाही आणि प्रथिनांची तूट भरून निघत नाही. जगभरच्या प्रयोगांत त्याचे परिणामही कमीजास्त आले आहेत. वाण, मात्रा आणि मूळ आहार यांवर ते ठरतात. नुसत्या कुटारावर जगणाऱ्या बकरीला यीस्ट देऊन फारसे काही साधणार नाही.

आधी काय करावे

कुटार वाळवून छपराखाली ठेवावे. भिजून काळे पडलेले, बुरशीचा वास येणारे कुटार बकरीला देऊ नये. त्यात अफ्लाटॉक्सिन असू शकते. बकरी मुळात निवडून खाणारी आहे. विदर्भाची म्हणून नोंदलेली बेरारी बकरीही आधी पाला आणि शेंगांची टरफले वेचते, जाड काड्या मागे टाकते. म्हणून थोडे जास्त कुटार टाकून उरलेल्या काड्या खतात घालाव्यात. चुनी-ढेप एकदम सुरू न करता दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवावी. स्वच्छ पाणी कायम समोर असावे.

यीस्टवर पैसे घालवण्याआधी त्याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. एकाच वयाच्या आणि साधारण सारख्या वजनाच्या बोकडांचे दोन गट करावेत. दोघांना कुटार-चुनी तेवढीच द्यावी, यीस्ट एकाच गटाला. मात्रा पशुवैद्यकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यावी. दर पंधरवड्याला सकाळी चारा देण्याआधी वजन करून वहीत लिहावे. दोन महिन्यांनी वाढलेल्या वजनाची किंमत यीस्टच्या खर्चापेक्षा जास्त भरली, तर ते चालू ठेवावे. नाही भरली, तर तोच पैसा चुनीवर आणि कुटाराच्या छपरावर घालावा.